तीरकमठ्याची नोंद कोणत्या वहीत?

गेल्या महिन्यात घाटकोपरच्या आमच्या विहारात रविवारचा अभ्यासवर्ग सुरू होता. विषय होता संविधानातील मूलभूत हक्क. कलम १९(१)(ख) आले. शांततेने आणि विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क. तेवढ्यात मागे बसलेल्या एका मुलीने हात वर केला. ती अकरावीत शिकते, दोन वर्षांपासून तिरंदाजीचा सराव करते. "दादा, माझ्या धनुष्याला लायसन लागतं का? परवा स्टेशनवर एका साहेबांनी बॅग उघडायला लावली. म्हणाले, हे हत्यार आहे, कागद दाखव."

वर्गात हशा पिकला. पण हसणे थांबल्यावर लक्षात आले की, उत्तर कुणालाच नीट ठाऊक नव्हते. आम्हालाही नव्हते. त्याच बैठकीत दुसऱ्या एका मुलाने आपल्या भावाची गोष्ट सांगितली. वडिलांची शहाळ्यांची गाडी. रात्री गाडी बंद करून भाऊ कोयता गोणपाटात गुंडाळून घरी येत होता. वाटेत अडवले आणि गुन्हा दाखल झाला. कलमे लागली शस्त्र अधिनियमाचे ४ व २५ आणि महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचे ३७(१) व १३५. जामीन झाला, पण पोलीस व्हेरिफिकेशनमध्ये ती केस दिसते म्हणून त्याची कुरिअर कंपनीतली नोकरी गेली. खटला अजून उभाच राहिलेला नाही.

धनुष्य आणि कोयता या दोन वस्तूंमुळे आम्ही पुढचे चार रविवार शस्त्रांचे कायदे वाचत बसलो. वाचता वाचता प्रश्न घाटकोपर स्टेशनच्या बाहेर गेला. शिकारीच्या हत्यारांची नोंद, जंगलातले आदिवासी, अॅट्रॉसिटीचे नियम आणि आपला स्वतःचा इतिहास, सगळे एकाच धाग्यात आले. ते युवा मित्रांसमोर आणि कार्यकर्त्यांसमोर मांडावे म्हणून हा लेख.

कायदा नेमका काय म्हणतो?

शस्त्र अधिनियम १९५९ सालचा. १ ऑक्टोबर १९६२ पासून तो लागू झाला. त्याचे सध्याचे नियम २०१६ चे आहेत. या कायद्यात 'शस्त्र' या शब्दाची व्याख्या फार मोठी आहे. हल्ला किंवा बचाव करण्यासाठी बनवलेली किंवा तशी जुळवून घेतलेली कोणतीही वस्तू शस्त्र ठरते. मात्र केवळ घरगुती किंवा शेतीच्या वापराच्या वस्तू, लाठी, साधी काठी आणि खेळणी यांना त्यातून वगळले आहे.

व्याख्या मोठी असली तरी परवाना सगळ्यांना लागत नाही. हे तीन पायऱ्यांनी समजून घ्यावे.

पहिली पायरी कलम ३ ची. बंदूक, पिस्तूल यांसारखी अग्निशस्त्रे आणि काडतुसे बाळगायची तर परवाना हवाच. मुंबईत तो पोलीस आयुक्त देतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला तीनऐवजी दोनच अग्निशस्त्रे ठेवता येतात आणि परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षांची झाली. प्रत्येक परवानाधारकाला राष्ट्रीय डेटाबेसमध्ये ओळख क्रमांक असतो.

दुसरी पायरी कलम ४ ची. अग्निशस्त्रे सोडून इतर शस्त्रांवर नियंत्रण हवे असेल, तर त्या भागासाठी आणि त्या प्रकारच्या शस्त्रांसाठी राजपत्रात अधिसूचना काढावी लागते. तलवार, गुप्ती, खंजीर, भाला, ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचे सुरे या पायरीवर येतात. पण त्याच यादीत स्पष्ट लिहिले आहे की, घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली पाती यातून वगळली आहेत. शहाळे सोलण्याचा कोयता कशासाठी बनतो, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. आमच्या वस्तीतल्या त्या मुलाच्या खटल्याचा सगळा बचाव या एका वाक्यात आहे. आणि ते वाक्य त्याला गुन्हा दाखल होताना कुणी वाचून दाखवले नाही.

तिसरी पायरी महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ ची. सण, निवडणूक, मोर्चा अशा वेळी पोलीस आयुक्त किंवा जिल्हादंडाधिकारी ठरावीक काळासाठी शस्त्रे, तलवारी, भाले, सोटे, सुऱ्या, काठ्या आणि शारीरिक इजा करता येईल अशी कोणतीही वस्तू घेऊन फिरण्यावर बंदी घालतात. या शेवटच्या शब्दांत कोयता येतो, धनुष्य येते, आणि साहेबांच्या मनात आले तर झेंड्याची काठीही येते.

म्हणजे त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर असे. धनुष्याला बंदुकीसारखा परवाना लागत नाही. घरी ठेवायला, मैदानावर सराव करायला बंदी नाही. पण ३७ चा आदेश लागू असताना रस्त्यावर अडचण येऊ शकते, म्हणून धनुष्य बॅगेत, बाण वेगळ्या डब्यात आणि क्लबचे ओळखपत्र किंवा स्पर्धेचे पत्र सोबत असावे.

घाटकोपर जंगलाच्या दहा किलोमीटरच्या आत आहे

शिकारीच्या हत्यारांबद्दलचा दुसरा कायदा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२. आपल्यापैकी अनेकांना वाटते की, हा कायदा ताडोबा-मेळघाटचा, आपल्याला त्याचे काय? पण त्याचे कलम ३४ वाचा. एखादे क्षेत्र अभयारण्य म्हणून जाहीर झाले की, तीन महिन्यांच्या आत, त्या क्षेत्रात किंवा त्याच्यापासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या प्रत्येक शस्त्र परवानाधारकाने, तसेच परवान्यातून सूट मिळालेल्या शस्त्रधारकाने, मुख्य वन्यजीव रक्षकाकडे आपले नाव नोंदवायचे असते. त्या दहा किलोमीटरच्या आत नवा परवाना द्यायचा तर मुख्य वन्यजीव रक्षकाची आधी संमती लागते. राष्ट्रीय उद्यानांनाही हेच कलम लागू आहे.

आता नकाशा समोर ठेवा. उत्तरेला विहार तलावापासून संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. पूर्वेला ठाणे खाडीचे फ्लेमिंगो अभयारण्य, जे ऑगस्ट २०१५ मध्ये जाहीर झाले. घाटकोपर या दोन्हींपासून हवाई अंतराने दहा किलोमीटरच्या आत आहे. म्हणजे या उपनगरातल्या टॉवरमध्ये राहणारा, कपाटात परवान्याची बंदूक ठेवणारा व्यापारी किंवा बिल्डर हा कायद्याच्या दृष्टीने जंगलाच्या कडेला राहणारा शस्त्रधारक आहे. शिकारीचा धोका म्हणून कायद्याने आधी त्याच्याकडे बोट दाखवले आहे.

पण व्यवहारात बोट कुणाकडे जाते? उद्यानाच्या आणि आरेच्या पाड्यांमध्ये वारली, मल्हार कोळी, कोकणा, कातकरी कुटुंबे राहतात. वन्यजीव कायद्यात 'हत्यार' शब्दाची वेगळी व्याख्या आहे. तिच्यात दारूगोळा, स्फोटके, बंदुका यांच्या बरोबरीने धनुष्यबाण, गळ, सुऱ्या, जाळी, विष, फासे आणि सापळे येतात. कलम ३१ सांगते की, लेखी परवानगीशिवाय यातले काहीही घेऊन अभयारण्यात शिरता येणार नाही. शहरातून कान्हेरी लेणी पाहायला जाणाऱ्या आपल्यासाठी हा नियम सोपा आहे. धनुष्य घरी ठेवायचे आणि तिकीट काढून आत जायचे. पण ज्याचे घरच आत आहे, त्याने भाजी चिरायची सुरी, खेकड्या-माशांसाठी जाळे, पोराची गलोल कुठे ठेवायची? तो रोज स्वतःच्या घरी 'प्रवेश' करतो. गुन्हा सिद्ध झाला तर शिक्षा तीन वर्षांपर्यंत जाऊ शकते आणि गुन्ह्यात वापरले म्हणून जप्त केलेले हत्यार सरकारजमा होते.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो. आम्ही शिकारीची बाजू घेत नाही. मूळ १९७२ च्या कायद्यात शिकारीचे परवाने होते. मोठ्या शिकारीचा वेगळा, लहान शिकारीचा वेगळा, जनावरे पकडण्याचा वेगळा. १९९१ च्या दुरुस्तीने ते सगळे बंद झाले, हे योग्यच झाले. वनहक्क कायदा, २००६ ने आदिवासींचे अनेक पारंपरिक हक्क मान्य केले, पण शिकारीचा हक्क स्पष्ट शब्दांत वगळला. चारी बाजूंनी शहराने वेढलेल्या जंगलात बिबळ्या टिकायचा असेल तर शिकार कुणालाच करता येणार नाही. प्रश्न बाळगण्याचा आणि वापरण्याचा फरक कुणासाठी केला जातो, हा आहे. बंदूकधारकाला कायदा सांगतो, नाव नोंदव आणि बंदूक ठेव. तीरकमठा ठेवणाऱ्यासाठी अशी वहीच नाही. कायद्यात त्याची जागा फक्त गुन्ह्याच्या व्याख्येत आहे.

कुणाचे शस्त्र हक्क, कुणाचे शस्त्र संशय

शस्त्र हे एखाद्या समाजाच्या संस्कृतीचा भाग असू शकते, हे भारतीय कायद्याला मान्य नाही असे नाही. संविधानाच्या कलम २५ च्या स्पष्टीकरणात शिखांचे कृपाण धर्माचा भाग मानले आहे. कर्नाटकातील कोडगूच्या कोडवा समाजाला आणि तिथल्या जम्मा जमीनधारकांना बंदुकीच्या परवान्यातून सूट आहे. ही सूट इंग्रजांच्या काळापासून चालत आली. केंद्र सरकारने २०१९ मध्ये ती आणखी दहा वर्षांसाठी, म्हणजे २०२९ पर्यंत वाढवली. तिला आव्हान दिले गेले, पण २०२१ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने सूट कायम ठेवली. निकोबारच्या आदिवासींचे शिकारीचे हक्क तर वन्यजीव कायद्यानेच राखून ठेवले आहेत.

या सवलती चुकीच्या आहेत असे आमचे म्हणणे नाही. पण एका समाजाची बंदूक परंपरा म्हणून राजपत्रात येते आणि भिल्ल, वारली, कातकरी यांचा तीरकमठा फक्त पंचनाम्यात येतो. ९ ऑगस्टला, जागतिक आदिवासी दिनी, नंदुरबारपासून पालघरपर्यंत तीरकमठे घेऊन मिरवणुका निघतात, त्या दर वेळी कुणाच्या तरी मर्जीवर अवलंबून असतात. त्याच महाराष्ट्रात धनुष्यबाण हे निवडणूक चिन्ह म्हणून प्रत्येक भिंतीवर रंगवलेले असते, त्यासाठी पक्ष फुटतात, निवडणूक आयोगात लढाया होतात. चित्रातल्या धनुष्याला मान आहे. ते आदिवासीच्या खांद्यावर आले की कागद विचारले जातात.

आणि हेच धनुष्य देशाला पदके देते. राजस्थानच्या आदिवासी खेड्यातला लिंबाराम बांबूच्या धनुष्याने नेम धरायला शिकला आणि भारतासाठी ऑलिम्पिक खेळला. २०२३ मध्ये बर्लिनला साताऱ्याची आदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे एकाच दिवशी जगज्जेते झाले. आपल्या अभ्यासवर्गातली मुलगी त्यांच्याकडे पाहूनच तिरंदाजीकडे वळली. त्यांच्या हातातल्या आणि पाड्यावरच्या धनुष्यात दोरीचा, लाकडाचा, किमतीचा फरक आहे. कायद्याच्या नजरेतला फरक मात्र माणसाच्या पत्त्यावरून ठरतो.

नोंदवहीचा आपला अनुभव

हे सगळे बौद्ध तरुणांनी का वाचावे? कारण नोंदवही काय करू शकते, हे आपल्या समाजाइतके कुणाला ठाऊक नाही.

१८७८ मध्ये व्हाइसरॉय लिटनच्या काळात शस्त्र कायदा आला. हिंदी माणसाला परवाना, युरोपियनाला सूट. त्याआधी १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा आला होता. त्यात माणसांचीच नोंद होऊ लागली. पुढे पारध्यांसारखे समाज जन्मतः गुन्हेगार म्हणून वहीत चढले. फासेपारधी हे नावच फाशांवरून, म्हणजे शिकारीच्या साधनावरून आले. ३१ ऑगस्ट १९५२ ला ती यादी रद्द झाली, पण पोलीस ठाण्यातला संशय रद्द झाला नाही. चोरी झाली की पहिली जीप आजही पारध्यांच्या पालावर जाते.

आपली गोष्ट उलट्या दिशेने घडली. १८१८ ला कोरेगावच्या लढाईत लढलेल्या महारांची लष्करभरती १८९० च्या दशकात इंग्रजांनी बंद केली. 'लढवय्या जाती'ची नवी यादी बनली आणि आपले नाव त्यातून खोडले गेले. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १११ वी महार पलटण उभारली, युद्ध संपल्यावर मोडली. बाबासाहेबांच्या प्रयत्नांनी १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली, तेव्हा ते नाव पुन्हा लिहिले गेले. एका समाजाचे नाव गुन्ह्याच्या वहीत चढवले, दुसऱ्याचे सन्मानाच्या वहीतून खोडले. लेखणी एकाच हातात होती.

१९३६ च्या 'जातिसंस्थेचे निर्मूलन' या भाषणात बाबासाहेबांनी याचे मूळ दाखवले. चातुर्वर्ण्याने शूद्रातिशूद्रांना शस्त्र नाकारले, विद्या नाकारली, म्हणून त्यांना बंड करता आले नाही. युरोपातल्या दुर्बल माणसाकडे लष्करी सेवा, मताधिकार आणि शिक्षण ही तीन साधने होती, आपल्याकडे तिन्ही नव्हती, असे त्यांचे विश्लेषण आहे. बाबासाहेबांनी पुढे आपल्या हातात काय दिले, हे आपण जाणतो. मत दिले, शिक्षण दिले, संविधान दिले आणि शेवटी धम्म दिला. तलवार दिली नाही.

हातात शस्त्र होते, ही सबब

ऑक्टोबर १९४५. तेव्हाचा ठाणे जिल्हा, आताच्या पालघरचा डोंगरी भाग. वेठबिगारीविरुद्ध वारली उठले होते. गोदावरी परुळेकर आणि किसान सभा त्यांच्यासोबत होती. जमीनदारांनी अफवा पसरवून वारल्यांना तलवाड्याला जमवले आणि दुसरीकडे सशस्त्र जमाव आला म्हणून सरकारला भीती घातली. गोळीबार झाला. पाच वारली मारले गेले.

११ जुलै १९९७. घाटकोपर, माता रमाबाई आंबेडकर नगर. बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली म्हणून लोक रस्त्यावर आले आणि राज्य राखीव पोलीस दलाच्या गोळीबारात दहा जण मारले गेले. जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता, अशी कहाणी नंतर सांगितली गेली. गुंडेवार आयोगाने ती मान्य केली नाही आणि गोळीबार असमर्थनीय ठरवला. २००९ मध्ये सत्र न्यायालयाने तुकडीच्या अधिकाऱ्याला दोषी ठरवले. आमच्यापैकी काही जण त्या वेळी सात-आठ वर्षांचे होते. त्या सकाळचा आवाज अजून कानात आहे.

दोन घटनांमध्ये ५२ वर्षांचे अंतर आहे. दोन्हीकडे गोळी ज्यांच्या हातून सुटली त्यांच्या बंदुकीची नोंद पक्की होती, गोळ्यांचा हिशोब होता. मेलेल्यांच्या हातात धोकादायक काहीतरी होते किंवा येणार होते, हे मात्र नंतर सांगावे लागले. म्हणून 'कोणती वस्तू शस्त्र' हा प्रश्न आपल्यासाठी पुस्तकी नाही. कोयत्याच्या केसपासून गोळीबाराच्या समर्थनापर्यंत तोच प्रश्न वेगवेगळ्या आकारात येतो.

अॅट्रॉसिटीच्या नियमांतले विसरलेले कलम

आता एक अशी तरतूद, जी आमच्या वर्गातल्या वकील मैत्रिणीने वाचून दाखवली तेव्हा सगळे सावरून बसले. अनुसूचित जाती व जमाती (अत्याचार प्रतिबंध) नियम, १९९५ चा नियम ३. अत्याचारप्रवण भाग कोणता, हे राज्य सरकारने ठरवायचे. त्या भागात गरज असेल तर अनुसूचित जाती-जमातीचे नसलेल्या लोकांचे, त्यांच्या नातलगांचे, नोकरांचे शस्त्र परवाने रद्द करून शस्त्रे सरकारी शस्त्रागारात जमा करून घ्यायची. बेकायदा अग्निशस्त्रे जप्त करायची. आणि आवश्यक वाटल्यास अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना संरक्षणासाठी परवाने द्यायचे.

म्हणजे शस्त्र कायदा सर्वांना सारखा लागू होतो म्हणून न्याय झाला असे होत नाही, गावात कुणाच्या हातात आधीपासून शस्त्र आहे तेही पाहावे लागते, हे भारत सरकारच्या नियमांनीच मान्य केले आहे. १९९० पासून बौद्धांनाही अनुसूचित जातीचे संरक्षण आहे, त्यामुळे हा नियम आपल्यालाही लागू होतो.

या नियमाच्या शेवटच्या भागावर, म्हणजे आपल्याला परवाने मिळण्यावर, आमच्या वर्गात बराच वाद झाला. काहींचे म्हणणे पडले की, गावात एकटे घर असलेल्या बौद्ध कुटुंबाने काय करायचे? पोलीस दोन तासांनी येतात. हे म्हणणे खोटे नाही. पण आमचा भर पहिल्या भागावर आहे. धमकी देणाऱ्याची बंदूक काढून घेतली तर दुसरी बंदूक देण्याची गरज कमी होते. आपल्या जिल्ह्यात गेल्या दहा वर्षांत नियम ३ खाली किती परवाने रद्द झाले, हा प्रश्न माहिती अधिकारात कुणीही विचारू शकते. आपण तो विचारत नाही. मोर्चात 'संरक्षण द्या' म्हणतो, पण संरक्षणाचे कलम नाव घेऊन मागत नाही.

सोपाऱ्याचा शिलालेख काय सांगतो

घाटकोपरहून लोकलने नालासोपाऱ्याला दीड-दोन तासांत जाता येते. तिथे १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. तो आज मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. या लेखाचा विषय काय? आधीचे राजे विहारयात्रा काढत, शिकार करत. अशोकाने राज्याभिषेकाच्या दहाव्या वर्षी संबोधीला जाऊन त्याऐवजी धम्मयात्रा सुरू केली. शिकारबंदीचा आपल्या भूमीतला इतका जुना पुरावा आपल्या लोकलच्या मार्गावर आहे.

यात क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. अशोकाने आधी स्वतःची शिकार थांबवली, आधी स्वतःच्या स्वयंपाकघरातली हत्या कमी केली. मोठ्याने आधी हात आवरला. त्याच अशोकाने तेराव्या लेखात अटवीतल्या, म्हणजे जंगलातल्या लोकांना राजाच्या दंडशक्तीची आठवणही करून दिली, हे आपण लपवू नये. राज्य करुणेचे असले तरी जंगलातल्या माणसाशी बोलताना त्याचा सूर बदलतो. तेव्हाही बदलला, आजही बदलतो.

धम्मपदाच्या अट्ठकथेत कुक्कुटमित्त नावाच्या पारध्याची कथा आहे. त्याची पत्नी स्रोतापन्न झालेली होती, तरी नवऱ्याने मागितले की धनुष्यबाण आणि जाळे उचलून देत असे. भिक्खूंनी विचारले, तिला प्राणिहत्येचे पाप लागते का? तथागतांचे उत्तर असे होते की, ज्याच्या तळहाताला जखम नाही त्याला विष बाधत नाही. तिच्या मनात मारण्याची चेतना नव्हती. पण त्याच तथागतांनी उपासकाने शस्त्रांचा व्यापार करू नये, असेही सांगितले. वस्तू आणि चेतना यांत फरक करा, आणि हिंसेचा धंदा करू नका, अशा या दोन शिकवणी आहेत. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही १९७२ मध्ये गुणवंतलाल खटल्यात शस्त्राचा ताबा हा जाणीवपूर्वक ताबा असला पाहिजे असे सांगितले. अडीच हजार वर्षांच्या अंतराने दोन्हीकडे माणसाचे मन तपासायला सांगितले आहे.

आपल्या काही तरुणांनाही हे सांगायला हवे. जयंतीच्या मिरवणुकीत तलवार नाचवणे, वाढदिवसाला तलवारीने केक कापून त्याचा व्हिडिओ टाकणे, हे बंड नाही. तो आपणच आपल्याविरुद्ध तयार केलेला पुरावा आहे. कलम ४ आणि २५ खाली एक ते तीन वर्षांची शिक्षा होऊ शकते. दसऱ्याला कुणी शस्त्रपूजन करते म्हणून आपणही तलवार काढायची, तर १४ ऑक्टोबर १९५६ च्या अशोक विजयादशमीला आपण काय स्वीकारले?

आता काय करायचे?

आम्ही आमच्या वर्गात पाच गोष्टी ठरवल्या. त्या तुमच्या विहारातही करता येतील.

एक, वस्तीतल्या धंदेवाईक मुलांना, म्हणजे शहाळेवाले, मटणवाले, चर्मकाम करणारे, सुतार, यांना अवजार कसे न्यायचे हे सांगणे. झाकून, बांधून, आणि शक्य असेल तर फेरीवाल्याची पावती किंवा दुकानाचा कागद सोबत.

दोन, जप्ती झाली तर पंचनाम्याची प्रत मागणे आणि त्यात वस्तूची लांबी-रुंदी लिहून घेणे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार झडती आणि जप्तीचे व्हिडिओ चित्रीकरण करणे आता बंधनकारक आहे. ते झाले का, हे पहिल्याच तारखेला वकिलामार्फत विचारणे. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ मध्ये तसे लिहिले आहे.

तीन, माहिती अधिकारात दोन अर्ज. संजय गांधी उद्यान आणि ठाणे खाडी अभयारण्याच्या दहा किलोमीटरच्या आतील किती परवानाधारकांनी कलम ३४ खाली नोंद केली? नियम ३ खाली प्रत्येक जिल्ह्यात किती परवाने रद्द झाले?

चार, उद्यानातल्या पाड्यांवरच्या कार्यकर्त्यांसोबत बसणे. कान्हेरीला आपण दर वर्षी जातो, पण लेण्यांच्या वाटेवरच्या पाड्यात थांबत नाही. घरात राहणाऱ्याची सुरी, जाळे, गलोल आणि शिकाऱ्याचे हत्यार यांत फरक करणारी लेखी सूचना वन विभागाने काढावी, ही मागणी त्यांच्यासोबत मिळून करता येईल.

पाच, आपल्या तिरंदाज मुलीसाठी क्लबचे ओळखपत्र आणि कलमांची एक पानाची प्रत. ती आता तिच्या बॅगेत असते.

शहाळेवाल्या भावाच्या खटल्याची तारीख पुढच्या महिन्यात आहे. कोयत्याचे पाते मोजायचे ठरले तर मोजू. पण तो कोयता कशासाठी बनला, हा प्रश्न न्यायालयात पहिल्यांदा विचारला जाईल आणि आम्ही त्या दिवशी तिथे हजर असू. जवळपास राहणाऱ्या मित्रांनी यावे.

जयभीम. नमो बुद्धाय.